विमान मधात थांबत नाही

महिन्याच्या एक तारखेला हेमराज कापगते ऑफिसात आले की आधी पायातले बूट काढून टेबलाखाली जोडीनं ठेवत, रुमालानं टेबल पुसत आणि तांबडी-निळी पेन्सिल दोन्ही टोकांनी तासून घेत. मग मला हाक मारत. "बाई, अरायव्हल किती? डिपार्चर किती? कार्गो किती?" त्या वेळी खिडकीबाहेर आमच्या बसस्टँडच्या शेडमध्ये तीन शेळ्या बसलेल्या असत, बाकावर एखादा म्हातारा पंचा पांघरून झोपलेला असे आणि लाखनीकडची गाडी नेहमीप्रमाणे यायची राहिलेली असे. या सगळ्याला ते टर्मिनल म्हणत.

मला हा माणूस कधीच आवडला नाही. गेलेल्या माणसाविषयी वाईट लिहू नये म्हणतात, पण चांगलं तेवढंच लिहायचं तर माझं काम चार ओळींत संपेल. त्या चार ओळी आधी लिहून टाकते. कापगते साहेबांनी कधी कुणाकडून वांग्याची टोपली किंवा मासळीचा वाटा घेतला नाही. ते कधी उशिरा आले नाहीत. त्यांचं अक्षर छापल्यासारखं होतं. आणि तक्ता कसा आखावा हे मी त्यांच्याकडूनच शिकले, अजून तसाच आखते.

सत्तरच्या दशकातली मधली वर्षं होती. आमचं आगार भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी होतं, कोणत्या ते सांगत नाही, कारण त्या वेळचे बरेच लोक अजून नोकरीत आहेत. माझे यजमान तिथं कंडक्टर होते. ते काविळीनं गेल्यावर त्यांच्या जागी मला लिपिक म्हणून घेतलं. मी सासूबाईंबरोबर चिचटोल्याला राहत होते आणि रोज तिथूनच येत होते. चिचटोला म्हणजे तलावाकाठचं सत्तर-ऐंशी घरांचं गाव. संध्याकाळची शेवटची गाडी गावात मुक्कामाला येई, ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या पडवीत झोपत आणि तीच गाडी सकाळी साडेसहाला सुटे. ती मुक्कामी गाडी होती म्हणून माझी नोकरी होती. ती होती म्हणून गावातल्या ढिवर बायका ताजी मासळी घेऊन बाजारात वेळेवर पोचत. सासूबाईंना डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. मी सातला घरी येते या हिशोबानं त्या चूल पेटवून ठेवत.

कापगते परके नव्हते. ते जिल्ह्यातल्याच एका तलावाच्या गावचे, धानाच्या शेतकऱ्याचा मुलगा. शिकून मुंबईला गेले आणि सात वर्षं तिथल्या विमानतळावर आकडेमोडीच्या खात्यात कारकून होते. महिन्यात किती प्रवासी उतरले, किती उडाले, किती माल चढला, किती उतरला, मागच्या महिन्यापेक्षा कमी की जास्त, हे सगळं एका कागदावर आणायचं, एवढंच त्यांचं काम होतं. त्याच्याइतकं मोठं काम जगात दुसरं नाही अशी त्यांची समजूत होती. वडील थकले म्हणून ते परत आले, परीक्षा देऊन एसटीत लागले आणि वाहतूक निरीक्षक होऊन आमच्या माथी बसले.

आल्या आल्या त्यांनी आमचा जुना तक्ता रद्द केला. जुन्या तक्त्यात प्रत्येक थांब्याला एक ओळ होती. कंडक्टरच्या वेबिलावर कुठून कुठपर्यंतची किती तिकिटं गेली ते असतं, त्यावरून मी ती ओळ भरत असे. कापगत्यांनी विमानतळाच्या धर्तीवर नवा तक्ता आखला. गाडी जिथून सुटते ते गाव आणि जिथं संपते ते गाव. आले, गेले, माल आला, माल गेला. मधल्या सगळ्या थांब्यांचे प्रवासी एका अरुंद रकान्यात, 'इतर' म्हणून.

तक्ता दाखवायला त्यांनी सगळ्या कंडक्टरांना उभं केलं. लक्ष्मण नावाचा कंडक्टर तोंडाचा फटकळ होता.

"साहेब, आन मधात उतरते त्या लोकायचं काय कराचं?"

"विमान मधात थांबत नाही," कापगते म्हणाले.

"पण साहेब, हे विमान त हात दाखवला का थांबते."

सगळे हसले. कापगते हसले नाहीत. लक्ष्मणला दुसऱ्या दिवसापासून महिनाभर सगळ्यात खराब रस्त्याची ड्युटी लागली. ती त्यांनी लावली असं कुणी म्हणू शकत नव्हतं, कारण ड्युटीच्या कागदावर सही मोठ्या साहेबांची, म्हणजे आगार व्यवस्थापकांची होती. मोठे साहेब निवृत्तीला आले होते. समोर येईल त्यावर ते सही करत.

त्यांच्या ठरलेल्या वाक्यांची आम्ही पाठीमागे नक्कल करायचो. "आकडा बोलते, बाई, आपण आयकाचं." "नोंदीत नाही म्हणजे नाही." लिहिताना शुद्ध मराठी लिहीत, बोलताना, विशेषतः राग आला की, आमच्यासारखंच बोलत. ते पाहिलं की मला जास्त चीड येई. आमच्यातला असून न कळल्यासारखं वागणारा माणूस परक्यापेक्षा वाईट.

मासळीचा प्रसंग लिहिते. चिचटोल्याची सगुणाबाई ही ढिवर बायकांची पुढारी. एक दिवस आमच्या स्टँडवरून पुढच्या गावच्या मोठ्या बाजाराला जायला ती दोन टोपल्या गाडीच्या टपावर चढवत होती. कापगते पेन्सिल घेऊन बाहेर आले.

"ही कार्गो कुणाची?"

"कारगो कायची, बाप्पा? मरळ आहे. खासान का?"

"वजन किती?"

"डोक्यावर होती तवा लय होतं जी. खाली ठेवली त काईच नाही."

शेडमधले लोक हसले. कापगते वळले आणि म्हणाले, वजन झाल्याशिवाय टोपल्या चढणार नाहीत. काटा पार्सल खोलीत, पार्सल खोलीचा माणूस जेवायला. गाडी गेली. सगुणाबाई दुपारभर टोपल्यांवर ओलं पोतं घालून, त्यावर पाणी शिंपत बसून राहिली. पुढची गाडी आली तेव्हा मासळीला वास सुटला होता. तिनं दोन्ही टोपल्या उचलल्या, नाल्यात रित्या केल्या आणि रिकाम्या टोपल्या घेऊन घरी गेली. कापगत्यांनी त्या दिवशीच्या 'माल गेला' रकान्यात शून्य लिहिलं. मी पाहिलं, शून्यसुद्धा फार सुबक होतं.

मग वरून पत्र आलं. डिझेल वाचवायचं आहे, प्रत्येक आगारानं एक मुक्कामी गाडी कमी करावी, कोणती ते आकड्यांसह कळवावं. आमच्याकडे अशा सहा गाड्या होत्या. कापगत्यांनी तीन महिन्यांचे तक्ते काढून घेतले, भिंतीवर रेघा ओढल्या आणि दुपारी मला बोलावलं.

"बाई, तुमच्या चिचटोल्याची रेघ पाहा. जूनपासून जमिनीले लागली."

"धानाची रोवणी होती, साहेब. आषाढ-श्रावणात सगळं गाव चिखलात असतं. कोण जाणार गाडीनं?"

"मले रोवणी शिकवून राहिल्या का? माझा जन्म धानाच्या बांधीतला आहे." त्यांनी कपाटातून नव्या तक्त्याचाच मागचा एक कागद काढला. "हा मागचा डिसेंबर घ्या. धान घरी आलं असते, मंडईची जत्रा झाली असते, सोयरिकीच्या बोलण्या चालू असते. सगळ्या गावायचा आकडा चढला. तुमच्या चिचटोल्याले रोजचे किती उतरले? तीन. कधी दोन."

मी कागद हातात घेतला. खरंच तीन होते. रोज संध्याकाळी मी त्याच गाडीत पंचवीस-तीस माणसांत दाटीवाटीनं उभी राहून येत होते आणि कागदावर तीन.

पण क्षणात उलगडा झाला. गावाच्या अलीकडे दोन फर्लांगांवर तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध आहे आणि पाळीवर मातामाय, गावची देवी आहे. बाहेरगावाहून येणारा माणूस तिच्यासमोरून गाडीत बसून जात नाही. पाळीवर उतरायचं, तलावात पाय धुवायचे, मातामायला हात जोडायचे आणि चालत गावात यायचं. सकाळीही तसंच. मासळी पाळीशीच निघते, टोपल्या तिथूनच चढतात. मी स्वतःही पाळीवरच उतरत असे. म्हणून सगळी तिकिटं पाळीची होती. जुन्या तक्त्यात पाळीला ओळ होती. नव्या तक्त्यात सगळे प्रवासी 'इतर'मध्ये जाऊन पडले होते.

हे मी त्यांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी ऐकलं, पेन्सिल उलटी करून निळ्या टोकानं टेबलावर टकटक केलं.

"ते 'इतर'मध्ये आहेत."

"पण ते चिचटोल्याचेच आहेत, साहेब."

"कागदावर नाहीत. आन बाई, ही तुमची स्वतःची गाडी आहे. तुमी बोलू नका. चांगलं दिसत नाही." मग म्हणाले, "ठीक आहे. या महिन्याचा आकडा पाहू. वर तसं कळवतो."

एक महिना मिळाला होता. रविवारी मी सरपंच तुकारामजींच्या अंगणात लोकांना जमवलं. मी कामं मुद्द्यानं करते. पाल्हाळ लावला की लोक जांभया देतात हे मला माहीत आहे, म्हणून दोन वाक्यांत सांगितलं. गाडी बंद व्हायची आहे, कारण कागदावर गावात कुणी उतरत नाही.

"हे काय बोलून राहिली तू?" सगुणाबाई म्हणाली. "आमी काय भुतं आहो? रोज टोपल्या घेऊन जातो, रिकाम्या घेऊन येतो."

"तुमचं तिकीट पाळीचं असते, काकू."

"पाळीवर उतरतो त पाळीचंच काढन ना माणूस!"

तुकारामजींनी विडी विझवली. "मातामायसमोरून बसून याचं म्हणतेस का, बाई? ते काई जमाचं नाही. म्हातारे कोतारे आयकनार नाही."

त्यावर वाद वाढला असता. मला घरी सासूबाईंचं जेवण करायचं होतं. मी घाईनं म्हटलं, "नका येऊ बसून. तिकीट मात्र चिचटोल्याचं काढा. मोजतात ते तिकीट." सगळ्यांना पटलं. मलाही पटलं होतं. याद्या करणाऱ्या माणसाची हीच गफलत होते. एक ओळ लिहिली की काम झालं असं वाटतं.

गावानं शब्द पाळला. दुसऱ्या दिवसापासून चिचटोल्याचा आकडा तीनवरून अठ्ठावीसवर गेला. कधी एकतीस. लक्ष्मण मला वेबिल देताना डोळा मिचकावी. "बाई, तुमचं विमान भरून चाललं." पंधरा दिवस मी रोज तो आकडा नव्या तक्त्यात लिहिला. इतकं समाधान मला कोणत्या आकड्यानं दिलं नाही.

सोळाव्या दिवशी संध्याकाळी गाडी सुटायच्या वेळी कापगते बूट वाजवत आले आणि शेवटच्या बाकावर बसले. "तपासणी," एवढंच म्हणाले. मी दोन बाक पुढे होते. बाजाराचा दिवस होता. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. सगुणाबाई आणि तिच्या बायका रिकाम्या टोपल्या एकात एक घालून दाराशी उभ्या होत्या. प्रत्येकाजवळ चिचटोल्याचं तिकीट होतं. मला इशारा करायला जागा नव्हती आणि करू म्हटलं तरी काय करणार? रस्ताभर मी मनातल्या मनात म्हणत राहिले, आज एक दिवस बसून राहा. एकच दिवस.

पाळ आली. लक्ष्मणनं घंटी मारली नाही, तो हुशार होता. पण लोकच ओरडले, "अरे थांबव ना! मातामाय आली!" ड्रायव्हरनं सवयीनं गाडी थांबवली. एकेक माणूस उतरला. तुकारामजी उतरताना मागच्या बाकाकडे पाहून मोठ्यानं म्हणालेही, "आमच्याजवळ तिकिटं चिचटोल्याची आहेत हो, साहेब! पाहून घ्या!" आणि हातातलं तिकीट उंच धरून दाखवलं. त्यांना वाटलं त्यांनी गाव वाचवलं.

गाडी रिकामी झाली. मी जागची हलले नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी मातामायसमोरून बसून गेले. शाळेपाशी गाडी थांबली. कापगते उठले, पुढे आले आणि माझ्या बाकाशी उभे राहिले.

"प्रवासी किती उतरले, बाई?"

"एक. मी."

"तुमचा पास आहे. म्हणजे शून्य."

"साहेब, त्यांनी पुढचं तिकीट काढलं. गाडीचं काय नुकसान झालं?"

"माणूस आला का? नाही. मग तो आकडा बनावट आहे. बनावट आकडा मी सात वर्षांत कागदावर येऊ दिला नाही." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. समोरच्या पडवीत लक्ष्मण अंथरूण झटकत होता, त्याच्याकडे पाहून ते म्हणाले, "जागा झाडून घे. मी पण इथंच झोपतो."

सकाळी त्याच गाडीनं आम्ही परत आलो. सगुणाबाई पाळीवर चढली आणि कापगत्यांना म्हणाली, "झालं का जी तुमचं समाधान? गाव पाहिलं ना?" त्यांनी मान हलवली. तिला ती होकाराची वाटली.

ऑफिसात आल्यावर त्यांनी मला पंधरा दिवसांचे आकडे लाल पेन्सिलनं खोडायला लावले आणि त्या जागी शून्य लिहायला लावलं. तक्त्याच्या खाली दोनच सह्यांची जागा होती. डावीकडे 'तयार करणार', म्हणजे लिपिक. उजवीकडे 'मंजूर', म्हणजे मोठे साहेब. निरीक्षकाच्या सहीला जागाच नव्हती. तो तक्ता त्यांनीच आखला होता हे मला त्या दिवशी पहिल्यांदा आठवलं.

"मी सही करणार नाही, साहेब."

"काहून? आकडा खोटा आहे का? काल किती उतरले?"

"शून्य."

"मग आकड्याखाली सही कराची आहे, निर्णयाखाली नाही. कायले भेता?" त्यांनी दुसरा कागद समोर ठेवला. गावकऱ्यांना चिथावणी दिल्याबद्दल माझ्या नावाचा मेमो होता, तारखेविना. "हा मी पाठवला नाही अजून."

नोकरी गेली तर आम्ही दोघींनी कशावर जगायचं हा प्रश्न मी त्या खुर्चीत बसून सोडवू शकले नाही. मी सही केली.

गाडी पुढच्या एक तारखेपासून बंद झाली. आता संध्याकाळची गाडी पाच मैल अलीकडच्या वडेगावहून परत फिरू लागली. मी तालुक्याच्या गावी एक खोली घेतली. सासूबाई यायला तयार नव्हत्या. "मले इथलं घर हातानं कळते," त्या म्हणत, "तिथं मी आंधळी." मी रविवारी वडेगावहून चालत जाऊन आठवड्याचं सरपण, पाणी, पीठ लावून येत असे. सगुणाबाईच्या बायका चार-सहा दिवस पहाटे डोक्यावर टोपल्या घेऊन वडेगावपर्यंत चालल्या. मग थांबल्या. बाजारातली त्यांची जागा दुसऱ्या गावच्या बायकांनी धरली.

हे सगळं मी सोसलं असतं. पण तुकारामजी भंडाऱ्याला मोठ्या कार्यालयात दाद मागायला गेले. तिथं कुणीतरी त्यांना तक्ता दाखवला. त्या रविवारी मी गावात आले तेव्हा ते दारात उभे होते, आत या म्हणाले नाहीत.

"बाई, त्या कागदाच्या खाली त तुमची सही आहे."

मी सांगायला लागले. त्यांनी ऐकलं, पण मान दुसरीकडे करून. नवा तक्ता, रकाने, मेमो, हे सगळं त्या दारात उभं राहून सांगताना मलाच ते बहाण्यासारखं वाटू लागलं. शेवटी सही माझी होती. सगुणाबाई विहिरीवर सासूबाईंना म्हणाली, "तुमच्या सुनेनं आमच्याकडून तिकिटं काढवली आन वरती शून्य लिवलं." सासूबाईंनी ते मला जसंच्या तसं सांगितलं आणि एवढंच विचारलं, "खरं आहे का, बाई?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

दीड वर्षानं कापगत्यांची बदली झाली. निरोपाला हार आणला होता, चहा होता. मोठे साहेब निवृत्त झाले होते, नवे फार बोलत नव्हते. कार्यक्रम संपल्यावर कापगते माझ्या टेबलाशी आले आणि खुर्ची ओढून बसले. पहिल्यांदाच बसले.

"बाई, एक सांगू का? मले माहीत होतं."

"काय?"

"पाळीचं. आमच्याही गावाले पाळ आहे, मातामाय आहे. मीही तिथंच उतरतो. अजून उतरतो." ते टेबलावरची टाचणी फिरवत होते. "एक गाडी त बंद कराचीच होती. बाकी पाच गावाले कोणी ना कोणी आमदाराचा माणूस होता. तुमच्या गावाचा आकडा सगळ्यात सोपा होता."

मी ड्रॉवरमधून कोरा कागद काढला, त्यांच्यासमोर ठेवला आणि माझं पेन वर ठेवलं. "हे लिहून द्या, साहेब. चिचटोल्याचे प्रवासी पाळीवर उतरतात, ते 'इतर'मध्ये धरले गेले, आकडा चुकीचा गेला. एवढंच. बाकी काही नको."

त्यांनी पेन उचललं. छापल्यासारख्या अक्षरात चार ओळी लिहिल्या, एकही शब्द खोडला नाही. सगळं खरं लिहिलं, माझ्या सांगण्यापेक्षा नीट लिहिलं. मी कागदाकडे पाहत होते. शेवटच्या ओळीखाली पेन थांबलं. त्यांनी टोपण लावलं.

"सही?" मी म्हटलं.

"सही नाही करत, बाई."

"काहून?"

"मी कधी कोठीच केली नाही. सात वर्षं तिथं नाही, इथं नाही. आकड्यात राहिलं का माणसाले सही करा लागत नाही." त्यांनी मान वर केली, तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की हा माणूस आतून भेदरलेला आहे. मला दया यायला हवी होती. आली नाही. भेदरलेल्या माणसानं स्वतःच्या जागी माझं नाव लिहिलं होतं. कापगते हार हातात घेऊन गेले आणि मी दारापर्यंत गेले नाही.

बिनसहीचा कागद रद्दीच. तरी मी तो टाकला नाही. त्याच्या खाली लिहिलं, "वरील मजकूर श्री. कापगते यांनी माझ्यासमोर स्वतःच्या हाताने लिहिला आहे," आणि सही केली, पूर्ण नावानं, तारखेसह. सोबत गाडी चालू असतानाच्या एका महिन्याची वेबिलं जोडली. वडेगावला उतरून चिचटोल्याकडे चालत जाणारी माणसं लक्ष्मणनं रोज मोजून दिली होती, ती यादी जोडली. नव्या साहेबांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे तुमच्या अंगावर येईल, माहीत आहे ना?" मी म्हटलं, "माहीत आहे." एक वेतनवाढ रोखून ते अंगावर आलं. पुढच्या दिवाळीनंतर गाडीही आली.

पहिल्या संध्याकाळी गाडी पाळीवर थांबली तेव्हा तुकारामजी नारळ घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याशी बोलणं सुरू केलं. सगुणाबाईनं मात्र टोपली कमरेवर घेऊन सगळ्यांसमोर विचारलं, "गाडी आणली, बरं केलं. पण तवा सही काहून केली होती?" बाजारातली तिची जागा परत मिळाली नव्हती.

दोन वर्षांमागं कापगते गेल्याची बातमी आली. हृदयविकार, झोपेत. आगारात शोकसभा ठरली आणि जुनी म्हणून शोकप्रस्ताव लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, श्री. हेमराज कापगते हे आकड्यांचे पक्के, वेळेचे नियमित आणि हाताचे स्वच्छ होते. हेडक्लार्क वाचून म्हणाले, "फारच आखूड आहे, बाई. माणूस म्हणून कसे होते, त्यांच्या जाण्यानं कशी पोकळी वगैरे, दोन ओळी वाढवा ना. खाली तुमचीच सही जाणार आहे."

"म्हणूनच वाढवत नाही," मी म्हटलं आणि होत्या त्या ओळीखाली सही केली.